'तू' म्हणण्याचा मान

अमेदेओ गायचा तेव्हा मला त्याची फक्त मान दिसायची. गाणारा पियानोच्या पुढे उभा, तोंड श्रोत्यांकडे. साथीला बसलेल्या बाईच्या वाट्याला त्याची कॉलर. इटलीतल्या आमच्या लुक्का गावात, क्लेलियाबाईंच्या दिवाणखान्यात दर रविवारी दुपारी ही कॉलर मी बावीस वर्षं पाहिली. कुठे इस्त्री बिघडली तेसुद्धा सांगेन.

त्याचं औषधांचं दुकान. लग्न केलं नाही. मीही नाही, घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला घास भरवायचा तो मीच. रविवारचे दोन तास शेजारीण आईपाशी बसायची, तेवढेच माझे.

त्याचं आवडतं गाणं एकच. त्यातला प्रियकर शेवटी एका उंच सुरावर नुसतं 'तू' म्हणतो. तिथे पियानो थांबतो. हात पट्ट्यांवर अधांतरी धरून, त्याचा श्वास संपेपर्यंत मी वाट पाहायची. अमेदेओ तो 'तू' पुढच्या खुर्च्यांवरच्या, केक खाणाऱ्या बायकांना म्हणायचा. आणि गाणं संपलं की माझ्याकडे वळून, "आभारी आहे, एर्सिलियाबाई. आज तुम्ही फार छान वाजवलंत."

तुम्ही! जळलं मेलं ते तुम्ही.

क्लेलियाबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "अहो, अजून तुमचं अहो-जाहोच? बिशपशीसुद्धा मी याहून मोकळेपणी बोलते." सगळे हसले. मी मान खाली घालून स्वरलिपीची पानं सारखी केली. आमच्या आईची शिकवण पक्की होती: 'तू' म्हणू या, असं वयाने मोठा असेल त्याने सुचवायचं. अमेदेओ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी वाट पाहत राहिले.

मग त्याच्या बहिणीने त्याला ब्युनॉस आयर्सला बोलावून घेतलं. दुकान विकलं गेलं. मंगळवारी जिनोआहून बोट होती आणि हा शेवटचा रविवार.

तो गायला उभा राहिला. आवाज आता थोडा जड झाला होता, म्हणून मी न विचारता अर्धा सूर खाली धरला. गाणं त्या शब्दापाशी आलं. मी हात उचलले. आणि हा गृहस्थ श्रोत्यांकडे पाठ करून सरळ माझ्याकडे वळला. असं कुणी करत नाही. क्लेलियाबाईंचा चमचा बशीत वाजला. त्याने माझ्याकडे बघून तो 'तू' म्हटला, श्वास पुरेना तरी धरून ठेवला, आणि मला पुढचे सूर वाजवायचं सुचेना. कसेबसे वाजवले.

टाळ्या चालू असताना मी उठून बाहेरच्या खोलीत कोट घ्यायला गेले. तो मागोमाग आला.

"गाण्यात बरं सुचतं तुम्हाला," मी म्हटलं. "बावीस वर्षांत बोलताना एकदाही सुचलं नाही?"

"मला?" तो गोंधळला. "मी कसं सुचवणार? ते बाईने सुचवायचं असतं. पुरुषाने आपणहून म्हटलं तर आगाऊपणा. मला लहानपणापासून हेच सांगितलंय."

"आणि मला सांगितलं की वयाने मोठा असेल त्याने सुचवायचं असतं."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मला हसू आलं आणि लगेच इतकं रडू आलं की कोटाची बाही सापडेना. त्याने ती धरून दिली.

"तू चल ना," तो म्हणाला. किती सहज. "बोटीवर जागा आहे अजून. मी विचारून आलोय."

विचारून आला होता! हो म्हणायला माझा जीव नुसता तडफडत होता. ब्युनॉस आयर्स काय, चंद्रावर गेले असते.

"आईला कोण भरवेल?"

आईची परिस्थिती त्याला माहीत होती. औषधं त्याच्याच दुकानातली. "मग मी राहतो," तो हळूच म्हणाला.

दुकान गेलेलं, घर रिकामं केलेलं, तिकडे एकटी बहीण डोळे लावून बसलेली. मी राहा म्हटलं असतं तर हा वेडा खरंच राहिला असता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून मी टोपी त्याच्या हातात दिली.

"तू जा, अमेदेओ," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं, आणि म्हटलं तेही जा म्हणायला.