२१७ नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. बिस्किटाएवढा गोल, वर एक भोक आणि मधोमध ठोकलेला आकडा: २१७. आज मी सीबीडी बेलापूरच्या एका फ्लॅटमध्ये राहतो, पण माझा जन्म चंद्रपूरकडच्या सावरटोला गावातल्या कोळशाच्या खाणीचा.

तिथे हजेरीच्या खोलीत खिळे ठोकलेली एक फळी होती. खाणीत उतरताना प्रत्येक कामगार आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि वर आला की पुन्हा अडकवायचा. खिळा रिकामा दिसला, म्हणजे तो माणूस अजून जमिनीखाली आहे असे समजायचे.

मी सिताराम गणवीर यांचा बिल्ला. त्यांची मुलगी अस्मिता तेव्हा दहा वर्षांची होती. त्या गावात दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचे आणि मुलांचे तळपाय कितीही घासले तरी काळेच राहायचे. शाळा सुटली की अस्मिता हजेरीच्या खोलीच्या खिडकीपाशी टाचा उंचावून माझा खिळा बघायची. मी दिसलो की मगच खेळायला पळायची. तिचा माझ्यावर फार विश्वास होता.

एका दुपारी खाणीत पाणी शिरले. भोंगा वाजला, पळापळ झाली. शिवा नावाच्या कामगाराच्या पायावर दगड पडून तो बेशुद्ध झाला. सितारामांनी अंगातला सदरा काढून त्याच्या जखमेवर बांधला, त्याला वर पाठवले आणि मागे कोणी राहिले आहे का ते बघायला स्वतः आत गेले. मी त्या सदऱ्याच्या खिशातच होतो.

वर दवाखान्यात सदरा सोडताना मी कोणाच्या तरी हाती लागलो. त्याने मला नेऊन खिळ्यावर अडकवले. फळी भरली.

"सगळे आले वर," हजेरीबाबू म्हणाले.

अस्मिता दारातच उभी होती. "काका, माझे बाबा कुठी हायेत?"

"घरी गेले असतील. हा बघ, दोनशे सतरा लागला आहे."

"बिल्ला आला जी. बाबा नाही आले. त्यांची सायकल इथंच उभी हाये."

बाबूंनी बाहेर जाऊन सायकल पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दोर घेऊन तिघे जण खाली उतरले. तासाभराने त्यांनी सितारामांना वर आणले. छातीभर पाण्यात ते एका लाकडी खांबाला धरून उभे होते.

अस्मिताने त्यांचा ओला हात घट्ट धरला. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीशी आली नाही. बाबांचा चेहरा दिसेपर्यंत फाटकाशी उभी राहायची. मी नकळत का होईना, खोटे बोललो होतो. ते मला अजून खुपते.

पुढे खाण बंद पडली. फळी कोणीतरी सरपणाला नेली, कामगारांच्या चाळीत बाभळी उगवल्या. सिताराम मला खिशात घालून लेकीकडे आले. अस्मिता आता जासईच्या एका कंटेनर यार्डात सेफ्टी ऑफिसर आहे. मी मात्र जुन्या किल्ल्यांबरोबर ड्रॉवरमध्ये पडून असतो.

गेल्या आठवड्यात नातीने, उन्नतीने, मला शोधून काढले आणि सोसायटीच्या बागेत नेले. सिताराम बाकावर बसले होते. या इमारतीत त्यांना सगळे 'चारशे तीनवाले आजोबा' म्हणतात. उन्नतीचा मित्र मितेश मला उलटसुलट करत म्हणाला, "आजोबा, हा तुमचा नंबर होता?"

"हो."

"आणि तुमचं नाव काय?"

सितारामांनी मला त्याच्या हातून घेतले आणि आकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सिताराम."

"उद्या पण बसाल ना इथे, सिताराम आजोबा?"

ते हसले. एवढे मोकळे हसताना मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

मित्रांनो, मी पितळ आहे. मला घासले नाही तरी चालेल. पण तुमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांची नावे विचारून घ्या. आणि एखाद्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी बाकावर दिसले नाही, तर वर जाऊन बेल वाजवा.