पारापुढची सायकल

चांगुणा पाराच्या अलीकडे सायकलवरून उतरली. पायातल्या वहाणा काढून तिनं हँडलला अडकवल्या, पदर कमरेला खोचला आणि दांड्याखाली खांदा घालून ती अवजड सायकल उचलली. पारावरच्या मंडळींनी पानाच्या चंच्या बाजूला ठेवल्या. रोजचाच तमाशा होता, पण एकालाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

पारापुढून जाताना गावच्या सुनांनी वहाणा हातात घ्यायच्या, ही रीत. ती कुणी घातली, हे विचारायची सोय नव्हती आणि चांगुणाही ती मुकाट्यानं पाळत आली होती. घोळ झाला तो सायकलीमुळे. लढाई संपली, नगरच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि तिच्या नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, हे हिरवं धूड घरी आणलं. चांगुणा नगरच्या दवाखान्यात सुईणपण शिकून आलेली. गावाच्या एका अंगाला मुरमाड माळ, दुसऱ्या अंगाला मुळा नदीचं खोरं, आणि वस्त्या सगळ्या लांब लांब विखुरलेल्या. चालत पोचेपर्यंत पोर तरी जन्मलेलं असायचं, नाही तर बाई तरी गेलेली असायची. मच्छिंद्रनं तिला माळावर नेऊन सायकल शिकवली. नऊवारीचा कासोटा सायकलीला असा काही सोयीचा पडला, की मच्छिंद्रचं धोतर चेनमध्ये अडकायचं, हिचं लुगडं कधी नाही.

पहिल्या दिवशी ती रीतीप्रमाणे पाराअलीकडेच उतरली. अनवाणी, मान खाली, सायकल हातानं ढकलत निघाली. तेवढ्यात आप्पासाहेबांनी काठी आडवी धरली. पारावर त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे.

"वहाणा काढल्यात, मामा," ती म्हणाली.

"ते दिसतंय. पर तू आलीस कशावरनं? सायकलीवरनं. म्हंजी सायकल हीच तुजी वहान झाली. वहान कुनी पारापुढनं भुईवरनं फरफटत न्हेतं व्हय? उचलून न्ह्यायची."

पारानं माना डोलावल्या. एवढं खोल कुणाला सुचलं नव्हतं. आता ही बया सायकल घरी ठेवील आणि गावाची अब्रू राहील, असा सगळ्यांचा होरा होता.  चांगुणानं खाली वाकून सायकल खांद्यावर घेतली.

तेव्हापासून हे चालू होतं. दुसरी वाट नव्हतीच. पार वेशीच्या तोंडाशी, एका बाजूला नदीची दरड, दुसऱ्या बाजूला गावकूस. चांगुणाच्या खांद्यावर काळानिळा वळ उठला. राग तर असा यायचा, की दात खाऊन खाऊन जबडा दुखावा. पण पारापुढून ती झपझप कधीच गेली नाही. सावकाश चालायची, मधोमध थांबून खांदा बदलायची आणि एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारायची, "काय मामा, नातू बरा हाय का?" त्या नातवांतले निम्मे तिच्याच हातावर जन्मलेले. उत्तर देताना म्हाताऱ्यांची नजर खाली जायची.

मच्छिंद्र एकदा म्हणाला होता, "मी घिऊन जात जाईन तेवढ्यापुरती."

"नको. तुमी उचलली तर ती तुमची सायकल हुईल. मी उचलती हाय तवर ती माजी हाय."

त्या दिवशीही ती मधोमध थांबून खांदा बदलत होती. एवढ्यात वेशीतून गोरक्ष पळत आत आला. आप्पासाहेबांची लेक लंका नदीपल्याड बेलवाडीला दिलेली, गोरक्ष तिचा दीर. दुसरं बाळंतपण म्हणून लंका सासरीच होती. गोरक्षच्या छातीचा भाता झाला होता.

"आप्पा, वयनीच्या कळा कवाधरनं चालू हायेत. पोराचा पाय आधी दिसतुया. आमची म्हातारी म्हनती, चांगुणाबाईला घिऊनच ये."

आप्पासाहेब उठले. "गाडी जुंपा रं!" ते ओरडले. मग त्यांची नजर समोर गेली. खांद्यावर सायकल घेतलेली चांगुणा तशीच उभी होती. 

चांगुणानं सायकल खाली ठेवली. तिथेच, पारापुढच्या भुईवर. हँडलच्या वहाणा सोडवून पायात घातल्या आणि बाळंतपणाच्या अवजारांची पिशवी त्यांच्या जागी अडकवली. 

तोवर पारालगतच्या घरातून आप्पासाहेबांची बायको, साळूबाई, बाहेर आली होती. या घरात नांदायला आल्यापासून तिनं पारापुढे वहाण घातलेली कुणी पाहिली नव्हती. आज तिच्या पायात वहाणा होत्या, आणि त्या चुकून राहिलेल्या नव्हत्या.

"गाडी जुंपत्यात," आप्पासाहेब म्हणाले. "घरात बस जरा."

"गाडी उताराच्या वाटंनं वळसा घालून जाती. पोचस्तवर काय उरायचं तितं?" ती चांगुणाकडे वळली. "मागं बसाया येतं का गं?"

"येतं की, आत्याबाई."

"आगं, येशीभाईर जाऊन तरी बस!" आप्पासाहेबांचा आवाज चिरकला. "च्यारचौघं बगत्यात."

"बगू द्या," साळूबाई म्हणाली आणि कॅरिअरवर चढून बसली.

चांगुणाचा पाय पायडलवर होता, तरी तो दाबला जाईना. इतक्या दिवसांची सवय, खांदाच आपसूक पुढे झाला होता. मागून साळूबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली.

"आता कुनाची वाट बगतीस? हान की."

चाकं फिरली. पारापुढची ती जमीन म्हणजे जेमतेम अंगणाएवढी. ती ओलांडताना चांगुणाला इतका आनंद झाला, की लंकाची काळजी पोटात असूनही तिला हसू आवरलं नाही. गरज नसताना तिनं घंटीही वाजवली.

नदीकडच्या वाटेवर मुरूम निसटत होता. मागचं चाक सारखं एका अंगाला सरकायचं आणि साळूबाई चांगुणाची कंबर घट्ट धरायची. बोलली मात्र एकदाच.

"उनाळ्यात लई भाजायचं गं पारापुढं. आन मी नव्या सुनांस्नी सांगायची, सवय हुईल म्हनून."

 चांगुणानं जोर वाढवला. दरडीच्या उतारावर दोघी खाली उतरल्या, नदीतल्या गोट्यांवरून आणि गुडघाभर पाण्यातून दोघींनी सायकल दोन बाजूंनी धरून उचलून नेली, आणि पलीकडच्या पाणंदीला लागून बेलवाडी गाठली.

पोर पायाळू निघालं. डोकं अडकलं तेव्हा चांगुणाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. साळूबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ पोर रडेना. चांगुणानं त्याची पाठ चोळली, तोंड पुसलं, पुन्हा पाठ चोळली. मग ते रडलं. मुलगी होती.

आप्पासाहेबांची गाडी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणातूनच त्यांनी रडणं ऐकलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. लेकीला दारातून पाहिलं, नातीच्या मुठीत बोट दिलं. मग बाहेर येऊन ते चांगुणापाशी उभे राहिले. ती चाकात रुतलेले खडे काढत होती.

"लई उपकार झाले, पोरी. आता माज्यासंगं गाडीतनं चल. सायकलबी टाकू गाडीत. म्हंजी पारापुढं तुला उतराया नको, उचलाया नको. कुनाला बोलाया जागाच ऱ्हायची न्हाई."

चांगुणानं चाक फिरवून बघितलं.

"नको, मामा. मी सायकलीवरच येते."

"आन पारापुढं?"

"पारापुढंबी."

आप्पासाहेबांनी मान वळवली. उंबऱ्याशी साळूबाई नात मांडीवर घेऊन बसली होती.

"तू तरी सांग हिला," ते म्हणाले. "तुजं ऐकंल ती."

"सांगते की," साळूबाई म्हणाली. "चांगुणा, बारसं झालं की मला न्ह्याला ये गं. सायकल घिऊन. गाडीत माजी पाठ दुकती."

 आप्पासाहेबांनी गाडीपाशी जाऊन बैल सोडले आणि त्यांना पाण्यावर घेऊन गेले.