सगळेच लंगडत होते

“दाजी, हात वर करा. अहो, आणखी वर!”

गोठ्यात मी दाजींच्या कमरेला गायीची घंटा बांधत होतो. त्यांच्या अंगावर बकऱ्याचं कातडं, हातात काजळी माखलेले मोजे. तोंडावर लाकडी मुखवटा तेवढा चढवायचा राहिला होता.

दाजी म्हणजे सेव्हेरिन, माझ्या फिलोमेनाताईचा नवरा. जन्मभर रोपवेच्या पाळण्याची दारं लावली माणसानं. पाळण्यात कोण चढलं ते नुसत्या पायांच्या आवाजावरून सांगायचे. गेल्या वर्षापासून मात्र डोक्यातली दारं आपोआप लागायला लागली. स्वतःचं घर सापडेना.

ताई गोठ्याच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी. “बेनी, परवा हा चर्चमधून निघाला तो थेट नदीकडे. आज कुठं बर्फात बसून राहिला तर सकाळी लाकूड होऊन मिळेल. अंधाराच्या आत घरी आण. हात सोडायचा नाही. कळलं का गाढवा?”

“ताई, पन्नाशी उलटली माझी.”

“मग म्हातारं गाढव!”

आता आमच्या डोंगरातल्या गावात हिवाळा सरताना असे मुखवटे घालून, दिसेल त्याला बर्फ-काजळी फासत फिरायचा खेळ असतो. मुखवटेवाल्यानं बोलायचं नसतं. समोरच्यानं नाव बरोबर ओळखलं की मुखवटा काढायचा, घरी जायचं, खेळ खलास. आणि दाजींचा उजवा पाय जन्मापासून आखूड. दरवर्षी पहिल्याच वळणावर बायका ओरडायच्या, “आला सेव्हेरिन!” बाकीचे बेरकी, नाव बरोबर आलं तरी नाही म्हणून मान हलवतात. दाजी बिचारे निमूट मुखवटा काढायचे. खोटी मान हलवणं त्यांना कधी जमलंच नाही.

म्हणून या खेपेला मी शक्कल लढवली. टोळीतल्या सगळ्यांना सांगितलं, लंगडायचं. उजव्या पायानं.

काय मजा आली म्हणून सांगू! घंटा खणखणवत अख्खी टोळी लंगडत चौकात शिरली. बायका बोटं नाचवत “हा सेव्हेरिन! नाही, तो सेव्हेरिन!” करत एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. तेवढ्यात सरपंच दिसला, नवा कोट घालून. असा मुहूर्त कोण सोडतो? पकडला, कॉलरमध्ये बर्फ कोंबला, गालांना काजळी फासली, आणि वळलो.

दाजींचा हात माझ्या हातात नव्हता.

समोर सगळे लंगडे. सगळे केसाळ. सगळ्यांच्या कमरेला घंटा. मी एकाला धरलं, “दाजी?” त्यानं मान हलवली. दुसऱ्याला धरलं, त्यानंही. हे खरं हलवतायत की खोटं, देव जाणे! “अरे, खेळ नाही हा, दाजी हरवलेत!” मी ओरडलो, तर सगळे घंटा वाजवून नाचायलाच लागले. मी काही खरं बोलू शकतो यावर गावात कुणाचा विश्वासच नाही. डोंगरामागं ऊन गेलं. माझ्याच शकलेनं माझाच घोळ केला होता.

बेकरीपाशी एक लंगडा एकटाच भिंतीला टेकून होता. मी हात धरला. मान हलली नाही. शहाण्यासारखा माझ्याबरोबर चालू लागला. माझा जीव भांड्यात पडला. “दाजी, ताईला यातलं काही सांगू नका हं,” म्हणत मी त्यांना थेट ताईच्या पायरीपर्यंत आणलं, आणि मुखवटा वर केला.

आत बेकरीवाली लिओनी. घामानं लालबुंद.

“अगं बये! मान का नाही हलवलीस?”

“मला वाटलं, तू दारू पाजायला नेतोयस. फुकट मिळत असेल तर मी कुणाचाही दाजी होईन!”

आणि तेवढ्यात आतून घंटा वाजली.

दार ढकललं. स्वयंपाकघरात ताई टेबलाला टेकून उभी, केसांत बर्फ, गालांवर काजळीची बोटं. समोर कातड्यातला एक माणूस, उजवा खांदा किंचित कललेला.

“दाजी! स्वतःच घरी आलात?” माझ्या तोंडून निघालं.

“गप्प बस,” ताई म्हणाली. “दार वाजवून आलाय. तरणी पोरं यायची तसा.”

मला काही उमगेना. हे आमच्या आईबापाचं घर. लग्नाआधी दाजी असेच या दारात आले होते, याच मुलीच्या तोंडाला बर्फ चोळायला. मग आज ते घरी आले होते, की तेव्हाच्या त्या मुलीकडे?

ताईनं गाल पुसला नाही. हळूच म्हणाली, “सेव्हेरिन.”

मुखवट्यानं मान हलवली. नाही.

जन्मात पहिल्यांदा लबाडी करत होते दाजी, की ते नाव आता त्यांचं राहिलंच नव्हतं? मुखवट्याच्या भोकांतून मला काही दिसेना. मी लिओनीकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती.

“अगं, काढ ना तो मुखवटा त्यांच्या तोंडावरचा...” मी पुढं झालो. ताईनं हातानंच मला थांबवलं.

“सेव्हेरिन नाही? मग अलोईस?”

मान हलली.

“थेओडुल? त्या चक्कीवाल्याचा धाकटा?”

मान हलली, आणि आतून खुसखुस ऐकू आली. घंटा थरथरली. ताईनं खुर्ची पुढं ओढली, तो बसला. तिनं जर्दाळूची दारू ओतली, एक पेला त्याच्यासमोर ठेवला, एक स्वतःसमोर, आणि तरुणपणीची पोरं एकेक करून आठवत राहिली. त्यातली कितीतरी केव्हाच मातीत गेली होती. प्रत्येक नावाला मान हलत होती.

गावातली नावं संपली, तशी तिनं खालच्या गावातली सुरू केली.