पुरा मला

मी एक जुनी तांब्याची सळई आहे. माणसाएवढी लांब, अंगावर हिरवट थर. दवाखान्याच्या कोपऱ्यात मला टेकवून ठेवलंय आणि माझ्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घातलंय. मित्रांनो, जमिनीत गाडून घेण्यासाठी तडफडणारं या बेटावर माझ्याशिवाय कुणी नसेल.

माझा जन्म सुराबाया शहरातल्या एका भट्टीत झाला. ऐन उमेदीत मी समुद्रकाठच्या बिनतारी खोलीमागे, कोळसा आणि मिठाच्या अंथरुणात उभी पुरलेली होते. वीज कोसळली की तारेतून माझ्याकडे यायची आणि मी तिला भुईत सोडून द्यायची. कोळी खोलीतल्या बिनतारी यंत्राचे गोडवे गायचे. माझं नाव कुणी घेतलं नाही. न घेईनात का, मी कामात होते.

ती खोली पाडली तेव्हा मला उपटून इथे आणलं. इथे बाळंतीण अडली तर मोठ्या डॉक्टरापर्यंत बोटीने अर्धा दिवस लागतो. म्हणून दवाखान्यात नेटवर्कची यंत्रं बसवायची ठरली. सुईण बू सुलास्मी खाटेपाशी उभ्या राहून पडद्यावरच्या डॉक्टरांना विचारणार होत्या. आमच्याकडे बाईंना आदराने बू म्हणतात, बाप्यांना पाक.

ठेकेदार पाक गुनादींनी खोली नटवली. गळकं छत बुजवलं, फरशी पाणसळीत आणली, एसी लावला, यंत्रांचा उंच लोखंडी रॅक बोल्टांनी आवळला. मागच्या बाजूला प्रवाळाच्या खडकात माझ्यासाठी खड्डा फोडला. फोडणाऱ्यांचे तळहात सोलून निघाले.

उद्घाटनाचा दिवस आला. नवं काही उभं राहिलं की इथे बकऱ्याचं मुंडकं पुरतात आणि भात वाटतात. मुंडकं आलं, पण त्याचा खड्डा खणायचा राहून गेला होता, आणि साहेबांची बोट धक्क्याला लागली होती.

"हा तयार आहे की," गुनादी म्हणाले. माझ्या जागेत मुंडकं गेलं.

"अहो पाक, मग सळई?" सुलास्मींनी विचारलं.

"बू, साहेब फीत कापायला आलेत, सळई बघायला नाही. तुम्ही भात वाढा."

"आणि नंतर?"

"आता मुंडक्यावर ठोकू? पाप लागेल. दुसरा खणू सवडीने."

सवड कसली होतेय! फीत कापली, फोटो निघाले, यंत्रं सुरू झाली. दिवे लुकलुकताना पाहून सगळे खूश. मी कोपऱ्यातून ओरडत होते. तांब्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

पावसाळा लागला. दार्मी नावाची पोर अडली. पडद्यावर डॉक्टर सांगत होते, सुलास्मी करत होत्या, आणि वीज पडली. तिला भुईची वाट कुणी ठेवलीच नव्हती. ती यंत्रांत शिरली. पडदा काळा, खोलीत जळका वास. वादळातच दार्मीला बोटीत घातलं. दार्मी परत आली. कुशीत काही नव्हतं.

"दैव," गुनादी म्हणाले. दैव नव्हे, ती मी होते. चार पावलांवर, भिंतीला टेकलेली.

आता नवी यंत्रं आलीत. पुन्हा रंग, पुन्हा फीत. खड्डा तसाच बुजलेला. आज सुलास्मी मुंडकं पुरणाऱ्या म्हातारबांना, म्बाह म्हणजे आजोबा कार्सोंना, हाताला धरून घेऊन आल्या.

"म्बाह, इथे सळई ठोकली तर चालेल का?"

म्हातारा त्या जागेकडे पाहत राहिला. "पोरी, बकऱ्याला काय अडचण? दोघं शेजारी झोपली असती. मला विचारलं होतं कुणी?"

सुलास्मींनी माझ्यावरचं फडकं भिरकावलं आणि पहार उचलली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, खोल्या बांधाल, यंत्रं बसवाल. फीत कापण्याआधी भिंतीमागे जाऊन बघा, माझ्यासारखी कुणी भुईबाहेर राहिली आहे का. आणि राहिली असेल तर साहेबांना बोटीत बसवून ठेवा.

बाहेर पहारीचे घाव ऐकू येताहेत. समुद्रावर ढग काळे पडलेत, गडगडतंय. आधी कोण पोचेल, वीज की मी, मला ठाऊक नाही. खणा, बू. लवकर खणा.