सायबिणीची फुटकी पेटी

मी सायबिणीची पेटी बोलतेय. सुप्याचं धरण भरत आलं तेव्हा बुडणाऱ्या एका घराचं फणसाचं दार लोकांनी काढून आणलं, त्यातून महाबळेश्वर नावाच्या सुताराने मला घडवलं. समोर काच, आत येशूच्या आईची, मारिया सायबिणीची, वीतभर मूर्ती. दर मे महिन्यात जोयड्याच्या रानातल्या आमच्या ख्रिस्ती वाड्यावर मी घरोघर फिरते. एका घरी एक दिवस मुक्काम. दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई मला उचलून पुढच्या घरी पोचवते आणि मागून सगळे गात येतात.

मी येणार म्हटलं की माणसांची काय धांदल उडते! अंगणं सारवली जातात, दारूच्या बाटल्या माळ्यावर चढतात, भांडखोर जावा एकमेकींना गोड बोलतात. मला हसू येतं. पण इनासच्या घरी जायचं म्हटलं की ते हसू मावळतं.

इनास वाड्यात लदीन गातो, म्हणजे सायबिणीची प्रार्थना तोच पुढे होऊन म्हणतो. आवाज असा, की म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. त्याच आवाजात तो नातालीनला, आपल्या बायकोला, शिव्या घालतो आणि हातात येईल त्याने बडवतो. गेल्या साली तिने धीर करून वाड्याचे पुढारी मिंगेलबाब यांच्या कानावर घातलं. त्यांनी काय करावं? दोघांना माझ्यावर हात ठेवायला लावले. त्याने म्हणायचं, मारणार नाही. तिने म्हणायचं, क्षमा केली. झालं, मिटलं! लोक चहा पिऊन घरी गेले. मला इतका संताप आला होता, की काय सांगू.

यंदा पुन्हा मी तिथंच. दुपारी इनासला कळलं, की नातालीनने मठातल्या सिस्टरना सगळं सांगितलंय. चुलीशी बसलेल्या तिला त्याने केसांना धरून ओढलं. जळणाचं लाकूड आधी पाठीत घातलं, मग दंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"सायबीण बघती हाय रं!" ती ओरडली.

"बघू दे!" म्हणत त्याने तिचं डोकं माझ्यावर आपटलं. काच फुटली. तिचं रक्त मूर्तीच्या पायांवर सांडलं. मला हात असते तर मी ते लाकूड त्याच्याच टाळक्यात घातलं असतं.

संध्याकाळी लोक मला न्यायला आले.

"पेटी उचलताना नातालीन पडली," इनास म्हणाला.

मिंगेलबाबनी नजर चुकवली. "आज सायबिणीचा दिस हाय. उद्या बसून मिटवू. तवर दोघं हात ठिवा बघू पेटीवर."

नातालीन भिंतीला धरून उठली. तिचा उजवा हात लोंबत होता. "गेल्या साली ठिवला हुता, बाब. तवा हात तरी धड हुता."

मग शेजारची म्हातारी रुझाय पुढे आली. तिने मला उचललं आणि नातालीनचा डावा हात माझ्याखाली धरायला लावला. "चल गे बाये. पुढचं घर माझं हाय."

इनास लाकूड घेऊन उंबऱ्यात आडवा झाला. पहिला तडाखा रुझायच्या खांद्यावर बसला. म्हातारी कळवळली, पण मला सोडलं नाही. मागच्या बायकांनी लदीन सुरू केली आणि गात गातच त्याला रेटून अंगणात पाडलं. मिंगेलबाबनी मग त्याच्या हातातलं लाकूड हिसकावलं. तेही उशिराच.

नातालीन परत गेली नाही. बायकांनी तिला दवाखान्यात नेलं, सिस्टर तिच्याबरोबर पोलिसांत गेल्या. पण इनास जामिनावर सुटलाय. निम्मा वाडा या बायकांनाच घरं मोडणाऱ्या म्हणतो. दारू पिऊन तो रुझायच्या अंगणात येतो, दारावर दगड मारतो, कोयता दाखवतो. मे संपला तरी मी इथंच, रुझायच्या घरी, नातालीनजवळ आहे. रोज कुणीतरी दोघी नातालीनच्या सोबतीला येऊन झोपतात.

मला तुमची फुलं नकोत, मेणबत्त्याही नकोत. शनिवारी रात्री सोबतीला अजून कुणी मिळालेलं नाही. तुम्ही याल का?