गडग्यातली मोकळी जागा

मी चिरा बोलतोय. तोही पुरता नव्हे, अर्धाच. कोकणात घरं बांधायला वापरतात तो तांबडा जांभा दगड तुम्ही पाहिला असेल, त्याच जातीतला मी. आम्ही खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि मग वारा-ऊन खाऊन कडक होतो. म्हणून 'दगडाला काय कळतंय' असं कोणी म्हटलं की मला राग येतो. मऊ असल्याचे दिवस मला अजून आठवतात.

कणकवलीवरून आत वळलं की एका चढणीवर कौलारू घर आहे. घरमालक लालबागच्या गिरणीत कामाला होते. एका मे महिन्याच्या रजेत त्यांनी आवाराचा गडगा, म्हणजे चिरे रचून केलेली बुटकी भिंत, आपल्या हाताने घातली. वरचा थर फाटकाच्या खांबापर्यंत आला आणि अर्ध्या चिऱ्याएवढी जागा उरली. तेव्हा त्यांनी मला मापलं, तासलं, परत मापलं आणि तिथे बसवलं. इतका नेमका बसलो की मुंगीलासुद्धा वळसा घ्यावा लागायचा.

त्यांचा मुलगा वसंत रोज माझ्यावर बूड टेकून बसायचा. मे महिना लागला की रस्त्याकडे डोळे लावायचा, कारण बाबा मे महिन्यातच यायचे. उन्हाने मी तापलेला असलो तरी पोरगं हलायचं नाही. मला ते आवडायचं. माझं माप त्या जागेसाठी घेतलं होतं, पण मला वाटायचं, त्या पोराला बसायला म्हणूनच मी आहे.

मग वसंतही मुंबईला गेला. माझगावच्या गोदीत फिटर झाला. लग्न केलं, एक मुलगा झाला. एका मे महिन्यात तो जुनी फियाट घेऊन, बायकोपोराला घालून थेट फाटकाशी येऊन उभा राहिला. अख्खी वाडी गाडी बघायला जमली. त्याचे वडील ते बघायला राहिले नव्हते. आईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

परत निघायच्या दिवशी घोटाळा झाला. टपावर आंबे बांधून झाले होते, आत मागच्या सीटवर छोटा विनीत झोपला होता, आणि गाडी आपसूक उतारावरून मागे जायला लागली. हँडब्रेक धरेना. वसंत धावला, हाताला आला तो चिरा हिसकून त्याने मागच्या चाकाखाली सारला. तो चिरा मी. चाक माझ्यावर चढलं, थरथरलं आणि थांबलं. माझा एक कोपरा उडाला, पण सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढे घाट होता आणि ब्रेकचा भरवसा नव्हता. वसंतने मला डिकीत टाकलं.

"गडग्याचो चिरो नेतंस रे झिला?" आई म्हणाली.

"फुडल्या मे म्हयन्यात आणतंय गे आये."

त्याने शब्द पाळला. वर्षभर लालबागच्या गल्लीत, वसंतच्या चाळीखाली, डिकीच्या अंधारात, जॅक आणि ऑइलच्या डब्याशेजारी काढून मी परत आलो. माझी जागा तशीच होती, दात पडल्यासारखी. आईने तिथे पाखरांसाठी पाणी भरलेली करवंटी ठेवली होती. वसंत मला उचलून बसवायला गेला, तर तिने त्याचा हात धरला.

"ठेव नको. जागा भरलंस तर मगे तू कित्याक येतलंस? घेवन जा परत. फुडल्या मे म्हयन्यात घेवन ये."

वसंत हसला. ती हसली नाही.

झालं. तेव्हापासून माझं हेच आयुष्य. मे महिन्यात जायचं, गाडीच्या चाकाखालून आपली जागा बघायची आणि घरी न जाताच परत लालबागला यायचं. घरापासून चार पावलांवर असून घराबाहेर! मला म्हातारीचा फार राग यायचा. तिला तिचा मुलगा हवा होता, हे कळायचं. पण माझं काय?

लालबागला मेची चाहूल मला दोन गोष्टींनी लागायची. चाळीखाली मिरच्या भाजायला सुरुवात व्हायची, मसाल्याचा नाकात झोंबणारा खाट डिकीतसुद्धा शिरायचा. आणि वसंतची बायको, ललिता, सासूसाठी हिंदमाताच्या बाजारातून सुती नऊवारी आणून गाडीत ठेवायची. लुगड्याची पिशवी माझ्याशेजारी आली की मी मनातल्या मनात घाट चढायला लागायचो.

एका वर्षी मिरच्यांचा खाट आला, पण लुगडं आलं नाही. आई थंडीतच गेली होती.

त्यानंतरही काही वर्षं वसंत जात राहिला. बंद घर उघडायचं, झाडायचं, चार दिवस दिवा लावायचा. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं. मला वाटायचं, यंदा ठेवील. तो मला घेऊन त्या जागेपर्यंत जायचा, करवंटीत पाणी भरायचा आणि मला घेऊन परत यायचा.

पुढे फियाट भंगारात गेली. मला त्याने वर चाळीच्या गॅलरीत आणलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी दाराशी. येताजाता लोकांची बोटं माझ्यावर ठेचायची आणि शिव्या मलाच. "अहो वसंतराव, हा धोंडा कशाला पाळलाय?" शेजारी विचारायचे. ललिता म्हणायची, "माहेरचा आहे त्यांच्या." सगळे हसायचे.

मे महिन्यात चाळ गावाला जायची. खोल्यांना कुलपं, दोऱ्या रिकाम्या. विनीत नोकरीत अडकलेला, वसंतचे गुडघे गेलेले. रिकाम्या गॅलरीत संध्याकाळी तो खुर्ची टाकून बसायचा आणि पाय माझ्यावर ठेवायचा. खालून मसाल्याचा खाट यायचा. त्या वर्षांइतकं एकटं मला डिकीतसुद्धा वाटलं नव्हतं. पण त्याच्या तळव्याची ऊब मात्र ओळखीची होती.

मग परळच्या हॉस्पिटलात त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, लांबचा प्रवास आता बंद. वसंतने एकच मागणी केली, शेवटचं एकदा गावाला न्या. यंदाच्या मे महिन्यात विनीतने नवी गाडी चाळीखाली आणली.

"बाबा, ही गाडी चढावर आपोआप थांबते. दगड कशाला?"

"असू दे रे. तुझी जागा खातोय काय?"

"नातू घेतल्यासारखा मांडीवर घेऊन बसलेत," ललिता म्हणाली. "पँट बघा, तांबडी झाली."

पण तिने स्वतःची ओढणी काढून माझ्याखाली घातली.

फाटकाशी पोचलो. कौलं खचली होती, अंगणात रान माजलं होतं. करवंटी जागेवर होती, सुकलेली, आत पाचोळा. वसंतने ती उचलली, झटकली आणि खांबाच्या पायथ्याशी ठेवली. मग दोन्ही हातांनी मला उचललं. या क्षणासाठी मी सगळा जन्म काढला होता.

आणि मी बसलो नाही. म्हणजे बसलो, पण सैल. इतकी वर्षं चाकाखाली झिजलो होतो, कोपरे गेले होते. माझ्यासाठीच केलेल्या जागेला मी कमी पडलो.

"हलतोय रे," वसंत म्हणाला.

"थांबा, वाडीत कोणाकडे सिमेंट असेल. पक्का करून टाकू."

"नको!" तो एवढ्या जोरात म्हणाला की विनीत दचकला. मग हळू आवाजात, "सिमेंट नको. राहू दे असाच."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. वसंत माझ्यापाशी आला, जुनी माणसं देवाला हात लावतात तसा हात लावला. निघताना तो नेहमी 'येतो' म्हणायचा, आई असताना तिला, ती गेल्यावर रिकाम्या घराला. या वेळी त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. गाडी उतारावर आपोआप थांबली आणि आपोआप निघाली.

आता मी घरी आहे. माकड बसलं की डुलतो. पाखरं येतात, पाणी शोधतात, उडून जातात. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी, पूर्वी ते पोरगं बघायचं तसा, वळणाकडे बघत राहतो. लालबागच्या त्या दाराशी आता काय ठेवलं असेल? दार आपटत असेल का? त्याचे पाय कशावर असतील?

तुमच्यापैकी कोणी लालबागला गेलात आणि रिकाम्या गॅलरीत एकटा बसलेला वसंत दिसला, तर एवढं सांगा: तुझा चिरा सैल आहे, एका हाताने निघेल. ये आणि घेऊन जा.

म्हातारीचा मी जन्मभर राग केला. ती असती तर तिने मला इथे ठेवू दिलं नसतं.