होडीतला अंगारा

वाघोलीत चार बायकांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालेलं कुणी पाहिलंय का? पण शकूनं स्वतःच्या पोरीच्या मेहनतीवर पाणी ओतलं, यावर आख्ख्या आळीचं एका दिवसात एकमत झालं. पुरुषांचंसुद्धा!

झालं होतं असं. शकूची वृषाली धरमतर ते गेटवे पोहायला समुद्रात उतरली होती. सलग पोहायचं, मध्ये कुठं टेकायचं नाही. शेजारून होडी. होडीत कोच श्रीधर सर, वृषालीचे आई-वडील आणि सगळं नियमानं चाललंय ना ते बघायला एक निरीक्षक. नियम तसा साधा, पण मुलखाचा कडक. पोहणाऱ्यानं होडीला हात लावायचा नाही आणि होडीतल्यांनी पोहणाऱ्याला. ग्लुकोजचं पाणीसुद्धा काठीला बाटली बांधून द्यायचं. हात लागला की खेळ खलास.

आणि गेटवे नुसत्या डोळ्यांना दिसायला लागलेलं असताना या बाईनं होडीच्या कडेवरून पार लोंबून पोरीच्या कपाळाला गावच्या वाघेश्वराचा अंगारा लावला. निरीक्षकांनी शिट्टी मारली. संपलं. वर्षभराची मेहनत चिमूटभर राखेत गेली.

बरं, हे एवढ्यावर थांबलं असतं तर वाघोली कसली? वृषालीचे काका, मच्छिंद्र, यांनी फ्लेक्स आदल्या दिवशीच चौकात चढवला होता. 'सागरकन्या वृषाली हिचे हार्दिक अभिनंदन', पोरीचा फोटो पासपोर्टएवढा आणि काकांचा स्वतःचा दारावर लावायच्या पडद्याएवढा, गॉगलसकट. बातमी आल्यावर उतरवायचा ना! नाही. छपाईचा खर्च झालेला. काकांनी 'अभिनंदन'च्या पुढं कागद चिकटवला, 'प्रयत्नाबद्दल'. आता येणारा-जाणारा थांबून आधी तो कागद वाचायचा आणि मग विचारायचा, "का हो, काय झालं पोरीचं?"

काय झालं, हे वृषालीला तरी कुठं ठाऊक होतं? खरी पंचाईत तीच होती.

लोक तिला आयतं कारण हातात देत होते. "तू पोचलीच होतीस गं, आईनं घात केला." काका म्हणायचे, "वहिनींना काय कळतंय नियमातलं? न्यायलाच नको होतं होडीत." वृषाली मान डोलवायची. बरं वाटायचं तेवढ्यापुरतं. आणि मग लगेच आतून कुणीतरी खवचट पुणेरी आवाजात म्हणायचं, "हो का? नाचता येईना, अंगण वाकडं."

कारण शेवटचा तो तुकडा तिला आठवतच नव्हता. पाणी गार पडलेलं, खांदे दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे झालेले, हे आठवत होतं. होडीची निळी कड आठवत होती. आईचा हात आठवत होता. पण त्या हाताच्या आधी काय झालं? आई उगाच वाकली, की आपण कपाळ पुढं केलं? आपणच मनातून 'बास, काढा मला' म्हणत होडीकडं सरकलो आणि आईनं फक्त निमित्त दिलं, असं तर नव्हतं? तसं असेल तर ती बाई बिचारी फुकट शिव्या खातेय आणि आपण घाबरट. तसं नसेल तर आईनं आपलं वाटोळं केलं. दोन्हीतलं काय बरं, तेही तिला ठरवता येईना. कधी आईची कीव यायची, कधी तिच्या हातचं पाणी नको वाटायचं.

ती श्रीधर सरांना टँकवर जाऊन भेटली. सर काठावर उभे राहून लहान पोरांवर ओरडत होते.

"सर, टच झाला तेव्हा मी कशी होते? बोटीकडं मी आले होते का?"

"मी सुकाणूवरच्या तांडेलाशी बोलत होतो गं. पुढून मोठी लाँच येत होती. शिट्टी ऐकली तेव्हा वळलो." मग सर जरा मऊ आवाजात म्हणाले, "सोड आता. पुढच्या सीझनला आईला घरी ठेव. किक मार रे, चहात बुडवलेल्या पावासारखे पाय काय करतोस!" हे शेवटचं पाण्यातल्या पोराला होतं, पण लागलं वृषालीला.

निरीक्षकांनी कागदावर 'स्पर्श झाला' एवढंच लिहून दिलं होतं. वडिलांना विचारण्यात अर्थ नव्हता. बजरंगरावांना होडी लागली होती. धरमतर सोडल्यापासून ते जे आडवे झाले ते गेटवेला जमिनीवर पाय ठेवल्यावरच माणसात आले.

म्हणजे उरली आई. आणि आईशी तर ती चार शब्दांच्या वर बोलतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकू गच्चीवर कुरडया घालत होती. एकटीच. एरवी या कामाला शेजारणी न बोलावता यायच्या, यंदा कुणी फिरकलं नव्हतं. वृषाली वर आली, न बोलता बसली आणि सोऱ्यात गरम चीक भरायला लागली. खांदे अजून ठणकत होते.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"खोटं कवा बोलले?"

"तुला नियम माहीत नव्हता ना?"

शकूनं एक कुरडई पुरी फिरवली, शेपूट तोडलं. "तुझ्या सरांनी तीनदा सांगितला. म्या काय भैरी हाय?"

वृषालीच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे? मुद्दाम लावलास तू?"

"व्हय."

"आणि सगळे तुला अडाणी म्हणतात ते गुमान ऐकून घेतेस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई. मला काय कळत न्हाई हे समद्यांनी परस्परच ठरवलं. म्हणलं, ऱ्हाऊ दे."

वृषाली संतापली. इतकी, की डोळ्यांसमोर गच्ची फिरली. "का पण? का, आई? समोर दिसत होतं ना गेटवे! मी पोचले असते!"

"असशील बी," शकू म्हणाली, आणि हेच वृषालीला सगळ्यात जास्त झोंबलं. "मला काय म्हाईत? निघाल्यापासून तू दर खेपंला इचारायचीस, 'आई, किती ऱ्हायलं?' म्या आपलं ठोकून द्यायचे, 'आलंच बघ.' तू इचारत हुतीस तवर मला घोर न्हवता. मग तू इचारायचंच सोडलंस. बाटली म्होरं केली, तर कुणाची बाटली, कशाची बाटली! माझ्याकडं बघितलंस, पर वळख न्हाई नजरंत. सर तिकडं, तुझा बाप आडवा, त्यो शिट्टीवाला निस्ता हात लागतोय का तेवढंच बघणारा. म्या हाका मारल्या, वाऱ्यात कुणाला ऐकू जाईना. मग मला ठावं असलेली एकच गोष्ट केली. हात लावला की वर काढत्यात."

शेवटी, जे विचारायला ती आली होती ते वृषालीनं विचारलं, अगदी हळू. "मी कपाळ पुढं केलं होतं का गं? मला... मला थांबायचं होतं का?"

शकूनं सोऱ्या खाली ठेवला.

"तू? तू मान बाजूला घेतलीस. येकदा न्हाई, दोनदा. मला वळखत न्हवतीस, पर हात चुकवायचा तेवढं तुला बरोब्बर कळत हुतं. म्या केस धरलं आन् लावला."

वृषाली रडायला लागली. हसतही होती बहुतेक, तिचं तिलाच कळत नव्हतं. आपण थांबलो नव्हतो! शुद्ध नव्हती तरी थांबलो नव्हतो! आणि ज्या बाईमुळं हे कळलं तिनंच केस धरून थांबवलं होतं. तिच्या गळ्यात पडावं की तिला गच्चीवरून खाली ढकलावं?

"पुढच्या वर्षी मी परत उतरणारेय," ती नाक पुसत म्हणाली. "आणि तू होडीत नसशील. सांगून ठेवते."

"असणार," शकू म्हणाली. "हवं तर हात बांध माझं. पर असणार."

वृषालीनं तिच्याकडं पाहिलं. आईचे डोळे कोरडे होते आणि चिकानं माखलेले दोन्ही हात तिनं, बांध म्हणून, पुढं धरले होते.